मोनीर शाहरूदी फर्मानफर्मायान: आरसे, षटकोन आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरशांच्या तुकड्यांतून भूमिती मांडणाऱ्या या इराणी कलावंताचं काम मी शाळेतल्या मुलांना आणि मोठ्यांनाही दाखवते, आणि त्यांच्याकडून तशा आकृत्या काढून घेते. प्रत्येक वेळी जवळपास तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

मोनीर कोण होत्या?

जन्म इराणमधल्या कझ्वीन शहरातला. जन्मसाल कुठे १९२२ तर कुठे १९२३ छापलेलं दिसतं. वडिलांनी कझ्वीनमध्ये मुलींसाठी पहिली शाळा काढली होती. पुढे कुटुंब तेहरानला आलं आणि मोनीर तिथल्या विद्यापीठात ललितकला शिकू लागल्या. जायचं होतं पॅरिसला, पण दुसरं महायुद्ध चालू होतं, म्हणून १९४०च्या दशकात त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तिथे पार्सन्स आणि आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळांमध्ये शिक्षण झालं. फॅशनची रेखाटनं करून त्या पोट भरायच्या. बॉनविट टेलर या मोठ्या दुकानासाठी काम करताना पुढे पॉप आर्टसाठी जगप्रसिद्ध झालेल्या अँडी वॉरहॉलची ओळख झाली, तेव्हा तोही तिथे रेखाटनंच करत होता. मोनीर यांनी काढलेली व्हायोलेटची फुलं त्या दुकानाच्या पिशवीवर छापली गेली.

१९५७ मध्ये त्या इराणला परतल्या. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात इराणच्या दालनातल्या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळालं. ते काम फुलांचं होतं; आरसे अजून यायचे होते.

मग आरशांचं काम सुचलं कुठून?

शिराझमध्ये शाह चेराघ नावाचा दर्गा आहे. नावाचा अर्थच ‘दिव्यांचा राजा’ असा होतो. आत शिरलं की भिंती, कमानी, घुमट सगळं आरशांच्या बारीक तुकड्यांनी मढवलेलं. मोनीर आपल्या अमेरिकन चित्रकार मित्रमंडळींना घेऊन तिथे गेल्या होत्या आणि तासन्‌तास बसून राहिल्या. लोक येत होते, रडत होते, नवस बोलत होते, आणि त्यांच्या हालचाली छतभर हजारो ठिकाणी उमटत होत्या. आपण पैलू पाडलेल्या हिऱ्याच्या आत उभ्या आहोत असं वाटलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की तिथून त्या निव्वळ भारावून परतल्या नाहीत. हे करतात कसं, हे शिकून घ्यायला त्या कारागिरांकडे गेल्या.

आईनेकारी म्हणजे नेमकं काय?

आपण मराठीत ‘ऐना’ म्हणतो, तो फारसीतूनच आला. त्यामुळे आईनेकारी हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये: ऐन्यांचं काम. पातळ आरशाचे त्रिकोणी, चौकोनी, पतंगाच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि ते ओल्या प्लास्टरवर एकेक करून बसवायचे. तुकडे सपाट बसवता येतात, किंवा प्लास्टरला आधी उंचवटे-खोलगे देऊन तिरकेही.

याच्या जन्माची एक गोष्ट इराणमध्ये सांगतात. युरोपातून मोठमोठे आरसे मागवले जायचे आणि वाटेत ते फुटायचे. इतका महाग माल टाकून कसा द्यायचा? मग कारागिरांनी तुकड्यांचीच नक्षी करायला घेतली. सफवी घराण्याच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकापासून, राजवाडे आणि दर्गे या कामाने सजले. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातलं आरशांचं दालन प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसेमहाल होता. १८२८च्या आगीत वाड्याबरोबर तोही गेला. त्यामुळे ‘आरसेमहाल’ हा शब्द आपल्याकडे उरला, पण तशा खोलीत उभं राहिल्यावर काय होतं हा अनुभव बहुतेकांच्या वाट्याला आलेला नाही.

फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणतात. या बाईंनी तर तेच घेतलं?

हा प्रश्न आजीच्या वयाच्या बायका हमखास विचारतात. माझ्या आईनंही आरशाला तडा गेला की तो त्याच दिवशी घराबाहेर काढला होता. पण मोनीर यांच्या कामातला तुकडा फुटलेला नाही, तो मापानं कापलेला आहे. त्याची प्रत्येक कड शेजारच्या तुकड्याच्या कडेला भिडावी म्हणून आखलेली असते. आमच्या गल्लीतल्या काचवाल्या काकांकडे मी एकदा दुपारभर बसले होते. त्यांनी आरसा पालथा घातला, पट्टी धरली, काच कापायची हिरकणी एकदाच ओढली. कर्र असा एकसलग आवाज आला. मग टेबलाच्या कडेवर धरून दोन बोटांनी हलकेच दाबलं आणि आरसा रेघेवर सरळ सुटला. दुसऱ्यांदा हिरकणी फिरवायची नाही, काच वाकडी जाते, म्हणाले. साठ अंशांचे बारा त्रिकोण मी त्यांच्याकडून कापून घेतले, त्यातले तीन टोकाला टवके उडून वाया गेले. मोनीर यांच्या एकेका कामात असे तुकडे शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात.

सगळीकडे षटकोनच का दिसतो?

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण त्यांच्या कामाची किल्ली इथेच आहे.

कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. एक वर्तुळ काढा. कर्कटकाचं माप अजिबात न बदलता परिघावर कुठेही टोक रोवा आणि खूण करा. त्या खुणेवर टोक ठेवून पुढची खूण. सहाव्या वेळी तुम्ही निघालात तिथेच पोहोचता. कमी नाही, जास्त नाही. कारण वर्तुळाची त्रिज्या आणि दोन खुणांमधलं अंतर सारखंच असल्याने आत सहा समभुज त्रिकोण तयार होतात, आणि प्रत्येकाचा कोन साठ अंश: सहा वेळा साठ म्हणजे तीनशे साठ. मोजपट्टी लागली नाही, आकडेमोड लागली नाही. लिहिता-वाचता न येणारा गवंडीही दोरी आणि खुंटीनं हे करू शकतो, आणि शतकानुशतकं करत आला.

दुसरी गोष्ट. एकसारख्या नियमित आकृत्या फट न ठेवता जमिनीवर पसरायच्या असतील तर तीनच आकृत्या चालतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. षटकोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून एका बिंदूपाशी तीन षटकोन चपखल बसतात. पंचकोनाचा कोन १०८. तीन जोडले तर ३२४ होतात, ३६ अंशांची फट उरते, आणि चौथा त्यात मावत नाही.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे हातानं ठाऊक आहे. ‘१५ ते ८’ची रांगोळी आठवा. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर-खाली मधल्या जागेत एकेक कमी करत आठपर्यंत. ठिपक्यांची बाह्यरेषा जोडली तर षटकोन मिळतो. एकूण ठिपके १६९. ‘७ ते ४’ घेतली तर ३७. यांना गणितात केंद्रित षटकोनी संख्या म्हणतात. आपल्याकडे त्या उंबऱ्यासमोर रोज पहाटे मांडल्या गेल्या.

मोनीर यांच्यासाठी षटकोनाला आणखीही अर्थ होता. सूफी परंपरेतून आलेले संख्यांचे संकेत त्या सांगायच्या: चौकोन म्हणजे चार दिशा, पंचकोन म्हणजे पाच इंद्रियं, षटकोन म्हणजे सहा दिशा आणि सहा गुण: उदारता, संयम, धीर, निश्चय, अंतर्दृष्टी आणि करुणा. हा अर्थ ठाऊक नसला तरी काम बघता येतं. पण एकदा कळला की षटकोनाच्या सहा बाजू सारख्याच लांबीच्या का हव्यात याचा वेगळाच विचार मनात येतो. एकही गुण आखूड पडून चालत नाही.

यात खरंच गणित आहे, की नुसती सुंदर सजावट?

गणित आहे, आणि ते दोन थरांत आहे. पहिला थर कागदावरचा: वर्तुळ, त्याचे भाग, त्यातून निघणाऱ्या रेषा, त्या रेषांच्या छेदांतून निघणाऱ्या नव्या आकृत्या. मोनीर यांचं शिक्षण चित्रकलेचं आणि फॅशन रेखाटनाचं. ही भूमिती त्या मोठ्या वयात, कारागिरांसोबत बसून आणि स्वतः कागदावर पुन्हापुन्हा काढून शिकल्या.

दुसरा थर प्रकाशाचा, आणि मला तो जास्त विलक्षण वाटतो. आरसा जितक्या अंशांनी कलतो त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो. समजा हातानं बसवलेला एक तुकडा शेजारच्यापेक्षा फक्त एक अंशानं कलला. डोळ्यांना ते कलणं दिसणारही नाही. पण किरण दोन अंशांनी वळेल, आणि दोन मीटर अंतरावर तो सुमारे सात सेंटिमीटर बाजूला पडेल. म्हणजे एका तुकड्यात तुमचा डोळा दिसतो, तर लगतच्या तुकड्यात कान. यंत्रानं अगदी एका पातळीत बसवलेल्या आरशांत ही झिलमिल येणार नाही. ती हाताच्या कामातून येते.

घरी बघायचं असेल तर दोन हातआरसे पुस्तकासारखे उघडून उभे करा आणि मध्ये एक हरभरा ठेवा. कोन ९० अंश असेल तर तीन प्रतिबिंबं दिसतात, ६० अंश केला की पाच. खऱ्या हरभऱ्यासह सहा. आरशांनीच षटकोन पूर्ण केला.

‘फॅमिली’ मालिकेत सप्तकोन आहे. तो कसा काढला?

२०१०च्या त्या मालिकेत त्रिकोणापासून दशकोनापर्यंत एकेक आकृती घेऊन त्यांनी आरशांची शिल्पं केली. सात आणि नऊ बाजू तिथेच अडचण करतात. पट्टी आणि कर्कटकानं अगदी अचूक नियमित सप्तकोन काढता येत नाही, नवकोनही नाही. हे हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. ते अशक्य आहे असं गणितानं सिद्ध केलेलं आहे.

मग कारागीर काय करतात? जवळचं माप घेतात. वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घ्यायची आणि ती परिघावर सात वेळा फिरवायची, ही जुनी युक्ती. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात खरं माप ८.६८ सेंटिमीटर हवं, युक्तीनं ८.६६ मिळतं. सात वेळा फिरून आलं की शेवटी जेमतेम दीड मिलिमीटरची फट उरते, ती सातही बाजूंत वाटून टाकायची. मुलांकडून मी हे करून घेते तेव्हा ती फट त्यांना स्वतःची चूक वाटते. ती चूक नाही हे समजावून सांगायला मला फार आवडतं.

ते आरशांचे चेंडू काय आहेत?

तेहरानच्या रस्त्यावर मुलं फुटबॉल खेळताना पाहून १९७०च्या दशकात त्यांनी केलेले आरशांचे गोळे. त्यातला एक त्यांनी वॉरहॉलला भेट दिला होता. षटकोन नुसते जोडत गेलं तर सपाट जमीन तयार होते, गोल होत नाही. फुटबॉलच्या नेहमीच्या शिवणीत २० षटकोनांच्या जोडीला १२ पंचकोन असतात. तेच त्याला वाकवतात.

आरसे त्या स्वतः कापायच्या का? मग श्रेय कोणाचं?

रास्त प्रश्न. कापण्याचं आणि बसवण्याचं काम मुख्यतः कारागिरांचं. हाजी उस्ताद मोहम्मद नवीद या निष्णात आईनेकारासोबत मोनीर यांनी बराच काळ काम केलं. आकृती, रचना, उंचवटे कुठे, रंगीत काच कुठे, हे मोनीर यांचं. कोणता तुकडा कुठे किती दाबायचा ही जाण उस्तादांच्या बोटांची. नवीद यांचं नाव मोनीर यांनी लपवलं नाही, उलट आवर्जून घेतलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे मूर्ती घडवणाऱ्यांची, वाड्यांच्या खांबांवर कोरणाऱ्यांची किती नावं उरली?

तरीही मला वाटतं, प्रदर्शनातल्या पाटीवर कारागिरांची नावं ठळक असायला हवीत.

१९७९च्या क्रांतीनंतर काय झालं?

इराणमध्ये शाहची राजवट उलथवणारी ही इस्लामी क्रांती झाली तेव्हा मोनीर आणि त्यांचे पती अबुलबशर न्यूयॉर्कमध्ये होते. परतणं शक्य झालं नाही. तेहरानमधली मालमत्ता जप्त झाली. त्यात त्यांचं स्वतःचं काम होतं, आणि वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जमवलेली लोककला होती: कहवाखान्यांमधली चित्रं, तुर्कमेन दागिने, काचेच्या मागून रंगवलेली चित्रं. त्यातलं पुष्कळसं परत मिळालंच नाही.

न्यूयॉर्कमध्ये कार्यशाळा नव्हती आणि आरसे बसवणारे उस्तादही नव्हते. उरला कागद. त्या भूमितीची रेखाटनं करत राहिल्या, साध्या मार्कर पेनांनी, रंगांनी. १९९१ मध्ये पती गेले. त्यानंतर त्यांनी लहान पेट्यांमध्ये फोटो आणि छोट्या-छोट्या वस्तू मांडून रचना केल्या. त्या मालिकेचं नाव ‘हार्टेक्स’, म्हणजे काळजातल्या कळा.

लोक आरशांसमोर फोटो काढतात आणि रेखाटनांपाशी थांबत नाहीत. मला मात्र ती रेखाटनं अधिक जवळची वाटतात. पंचवीस वर्षं हाताशी कारागीर नसताना एक बाई कागदावर षटकोन काढत राहिली, म्हणूनच २००४ मध्ये तेहरानला परतल्यावर, ऐंशी ओलांडल्यानंतर, ती पुन्हा मोठाली कामं उभी करू शकली.

त्यांचं कोणतं काम आधी बघावं?

‘लायटनिंग फॉर नेदा’, २००९. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीनं दर तीन वर्षांनी भरणाऱ्या आपल्या एशिया पॅसिफिक ट्रायनिअल या प्रदर्शनासाठी ते करवून घेतलं. सहा मोठे फलक, प्रत्येक तीन मीटर उंच आणि दोन मीटर रुंद, आणि प्रत्येकात आरशाचे चार हजारांहून अधिक तुकडे. त्या वर्षी जूनमध्ये तेहरानच्या निदर्शनांमध्ये नेदा आगा-सुलतान ही तरुणी गोळी लागून मेली. हे काम तिच्या नावानं आहे.

सहा फलक, मुळाशी पुन्हा षटकोन. पण समोर उभं राहिलं की आधी मोजदाद सुचत नाही. तुम्ही हलता तसा प्रकाश फलकांवरून सरकत जातो आणि तुमचाच चेहरा हजार जागी तुटून दिसतो. नेदाचं चित्र कुठेही नाही. जो येईल तो त्यात दिसतो.

हे इस्लामी कलेत धरायचं की आधुनिक अमूर्त कलेत?

दोन्हीत. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या ओळखीपाळखी विलेम द कूनिंग, जोन मिचेल, लुईज नेव्हल्सन या अमूर्त शैलीतल्या कलावंतांशी होत्या. अमूर्त चित्रकला त्यांनी उमेदीच्या वयात जवळून पाहिली होती. पण त्यांची भूमिती कझ्वीनच्या खिडक्यांतून आणि शिराझच्या घुमटातून आली. १९७७ मध्ये पॅरिसच्या डेनिस रने गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, जी भौमितिक अमूर्ततेसाठीच नावाजलेली होती. पाश्चात्त्य समीक्षकांना त्यात आधुनिकता दिसली, इराणी प्रेक्षकाला दर्गा दिसला. एक नाव निवडायची सक्ती मला तरी समजत नाही.

त्यांचं काम आता कुठे पाहता येतं?

२०१४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात सेराल्व्हेस संग्रहालयात आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आरसे आणि रेखाटनं यांचं मोठं प्रदर्शन झालं. २०१७च्या डिसेंबरमध्ये तेहरान विद्यापीठाच्या नेगारिस्तान बागेत ‘मोनीर संग्रहालय’ उघडलं. एकाच स्त्री कलावंताला वाहिलेलं इराणमधलं ते पहिलं संग्रहालय. त्यासाठी त्यांनी स्वतःची ५१ कामं दिली. २० एप्रिल २०१९ रोजी तेहरानमध्येच त्यांचं निधन झालं. भारतातून निघणाऱ्यांना तेहरान किंवा ब्रिस्बेन, दोन्ही लांबच. पण परदेशात राहणारी मराठी मंडळी संग्रहालयांना जातात तेव्हा त्यांना मी सांगते, मोनीर हे नाव तिथल्या यादीत शोधा.

फोटोत बघून कळतं का?

आकृती कळते. प्रकाश कळत नाही, कारण फोटोत तुम्ही एकाच जागी उभे असता. व्हिडिओ बरा, त्यातही कॅमेरा हळू सरकवलेला असेल तर.

मुलांसोबत घरी काय करता येईल?

एका रविवारी पुरेल एवढं सांगते. जाड पुठ्ठ्यावर सात-आठ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, सहा खुणा करा, षटकोन जोडा, केंद्रातून सहा रेषा ओढा. आरसा कापायला मुलांना देऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात आरशासारखा चकाकणारा चिकट कागद मिळतो, तो दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे त्याच मापाचे सहा त्रिकोण कात्रीनं कापा. आता ते षटकोनावर मांडून प्रत्येक त्रिकोणाच्या एका कोपऱ्याखाली कागदाची बारीक घडी सरकवा, म्हणजे सहाही वेगवेगळ्या दिशांना किंचित कलतील, आणि मग चिकटवा.

संध्याकाळी दिवा लावून ते भिंतीजवळ धरा आणि हळूच फिरवा. माझ्या वर्गातल्या एका सहावीतल्या मुलीनं ते छताकडे धरलं, सहा उजेडाचे तुकडे वर फिरले, आणि तिनं विचारलं, “बाई, सातवा लावू का?”

सातव्याला जागा नव्हती. तिनं कर्कटक उघडून नवं वर्तुळ काढायला घेतलं.